अख्खी भाकरी

माझ्या वडिलांचा आवाज लासलगावच्या रेल्वे स्टेशनापर्यंत ऐकू जातो, असं लोक म्हणायचे. लोकांचं बोलणं, त्यात थोडं मीठमसाला असणारच. पण आमच्या घरापर्यंत तो नक्की यायचा. मार्केट यार्डाच्या मागच्या आळीत आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळी लिलाव सुरू झाला की चुलीपुढे बसल्या बसल्या मला कळायचं, अण्णा आता कितव्या रांगेत आहेत. अण्णा म्हणजे माझे वडील. कांद्याचा लिलाव पुकारणं हे त्यांचं काम. कांद्याने भरलेले ट्रॅक्टर ओळीने उभे असत. अण्णा पुढे आणि व्यापाऱ्यांचा घोळका मागे, अशी वरात एकेका ट्रॉलीपुढे थांबायची. अण्णा मूठभर कांदे वर काढून दाखवायचे आणि बोली सुरू व्हायची. शेवटचा आकडा ते असा लांबवायचे की पुढच्या ट्रॉलीवरचा शेतकरी आपोआप उठून उभा राहायचा. हाच माणूस घरी आला की इतक्या हळू बोलायचा की आई वैतागायची. म्हणायची, सगळा आवाज कांद्यालाच, घराला काय उरत नाही. मला मात्र त्या आवाजाचा फार अभिमान होता. शाळेत कोणी विचारलं, तुझे वडील काय करतात, तर मी म्हणायचे, ऐक ना, येतोय बघ.

या आवाजासाठी अण्णा सकाळी आंघोळ झाली की एक फुलपात्र दारू घ्यायचे. देशी, कोरी, पाणी न घालता. यार्डात पुकारा करणाऱ्या जुन्या माणसांनी त्यांना शिकवलं होतं की त्याने घसा मोकळा होतो, नाहीतर धुळीने आणि कांद्याच्या टरफलांनी दुपारपर्यंत आवाज चिरतो. त्यांना ते खरंच वाटायचं. आम्हालाही वाटायचं. ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागे बाटली ठेवलेली असे आणि ती संपत आली की आई स्वतः आठवण करायची. दुपारी घरी आल्यावर शीण जावा म्हणून पुन्हा एकदा व्हायचं, संध्याकाळी बाबूकाकांबरोबर तिसऱ्यांदा. बाबूकाका यार्डात कांद्याचं वजन करणारे मापारी, अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. अण्णा कधी रस्त्यात पडले नाहीत, आईवर हात उचलला नाही, कामाला एक दिवस दांडी नाही. त्यामुळे दारुडा हा शब्द आमच्या घरात कायम दुसऱ्यांसाठी वापरला गेला. आळीतल्या एकदोघांना आम्ही सरळ दारुडे म्हणत असू आणि त्यांच्या बायकांची कीव करत असू. आमची झाकली मूठ सव्वा लाखाची होती.

आई बागलाणातली, नामपूरची. लग्नाला वीस वर्षं झाली तरी ती रागावली किंवा दमली की तिच्या तोंडून अहिराणी बाहेर पडायची आणि अण्णा तिची नक्कल करायचे. भाकरी मात्र तिच्यासारखी आळीत कोणी करत नसे. परातीत तिचा हात पडू लागला की तो थपथप आवाज शेजारच्या दोन घरांत जायचा. तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा वरचा पापुद्रा अलगद सुटून येई. तो अण्णांचा मान होता. त्यात ठेचा घालून ते सुरळी करून खायचे आणि मग बुक्की मारून कांदा फोडायचे. दिवसभर कांद्यातच असलेल्या माणसाला घरी येऊन पुन्हा कांदा कसा खावासा वाटतो, याचं मला नवल वाटे. मी एकदा तसं विचारलंही. ते म्हणाले, यार्डातला कांदा लोकांचा, हा माझा.

नेमकं केव्हा बिघडायला लागलं हे मला सांगता येणार नाही. रोजचं झालं की दिसेनासं होतं. आधी जळजळ आली. छातीच्या मधोमध हाताचा तळवा ठेवून अण्णा बसायचे, मग उठून चमचाभर खायचा सोडा पाण्यात ढवळून घ्यायचे. फसफसलं की मोठा ढेकर आणि आंबट वास. सोड्याची पुडी त्यांच्या खिशातच असे, तंबाखूच्या पिशवीशेजारी. झोपताना दोन उशा लागायला लागल्या. मग प्रत्येक घासाला पाणी लागायला लागलं. घास, घोट, घास, घोट. आई म्हणायची, जेवताय का नळ चालू केलाय. पुढे कधीतरी ते जेवता जेवता उठून दारात जाऊन उभे राहायला लागले. पाठ आमच्याकडे, छातीवर मूठ आपटायची, खांदे वर व्हायचे आणि मग खाली यायचे. परत येऊन बसले की म्हणायचे, ठसका लागला. ठसका असा रोज, एकाच माणसाला, एकाच ठिकाणी कसा लागतो, हे आम्ही विचारलं नाही.

आईने विचारलं नाही, पण ती स्वयंपाक बदलत गेली. कोणाला न सांगता. भाकरी पातळ थापायला लागली, मग कडा काढून टाकायला लागली. मग पापुद्र्याचा मान संपला आणि भाकरी आमटीत चुरून यायला लागली. मग ती दुधात अर्धा तास भिजवून, हाताने इतकी कुस्करलेली असायची की भाकरी आहे हे कळू नये. वांग्याची सालं गेली, डाळ घोटलेली, भात मऊ. दर पायरी इतकी लहान होती की उतरतोय हे कोणाला जाणवलं नाही. अण्णांच्या कमरेचा पट्टा मात्र एकेक भोक आत जात होता आणि शेवटी बाबूकाकांनी खिळा तापवून त्याला नवं भोक पाडून दिलं. ते पाडताना दोघं हसत होते. बाबूकाका म्हणत होते, नवरदेवासारखी कंबर झाली गड्या. मीही हसले होते. ते आठवलं की आजही माझा मला राग येतो.

आणि मग आवाज बसला. याने मात्र सगळं घर हललं, कारण आवाज म्हणजे आमची प्रतिष्ठा होती. आळीतल्या प्रत्येकाने उपाय सांगितला. ज्येष्ठमधाची कांडी गालात धरा, हळद-मिठाच्या गुळण्या करा, गळ्याला गरम तूप चोळा, मिऱ्या चावा. सगळं केलं. वर घसा शेकायला म्हणून फुलपात्र जरा जास्तच भरलं जाऊ लागलं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच. जे दुखत होतं ते घशाच्या खाली, छातीच्या आत होतं, आणि आम्ही सगळे मिळून गळ्याला तूप चोळत होतो. पुकारा करणाऱ्याचं दुखणं घशाशिवाय दुसरीकडे असेल हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सुताराचा हात दुखतो, शिंप्याचे डोळे जातात, तसा पुकाऱ्याचा घसा बसतो.

गावातल्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो, आई, अण्णा आणि मी. तेव्हा मी बारावीची परीक्षा नुकतीच दिली होती. डॉक्टर भला माणूस. त्यांनी बॅटरी मारून घसा बघितला, लाल आहे म्हणाले, ओरडणं कमी करा म्हणाले. घास अडकतो का, असं विचारलं. अण्णा म्हणाले, कधीमधी. मग वहीत लिहिता लिहिता, वर न बघता त्यांनी विचारलं, दारू घेता का. अण्णा काही बोलायच्या आत आई म्हणाली, आमच्यात कोणी हातपण लावत नाही. ती इतक्या सहज आणि इतक्या ताठ मानेने म्हणाली की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. दवाखान्याच्या बाकावर आळीतल्या दोन बायका बसल्या होत्या आणि मध्ये फक्त पडदा होता. मी आईच्या मागे उभी होते आणि समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत होते. डॉक्टरांनी लाल रंगाचं औषध दिलं. आम्ही घरी आलो.

मी पुढे शिक्षिका झाले. नाशिकच्या एका शाळेत सत्तावीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलं. दरवर्षी पचनसंस्थेचा धडा यायचा आणि मी तो गुंडाळलेला तक्ता खिळ्यावर अडकवायचे. तोंड, अन्ननलिका, जठर. पुस्तकात अन्ननलिकेला दीड ओळ आहे. घास खाली नेणारी नळी, बस. जठराला पान, आतड्याला पान, यकृताचं तर विचारायलाच नको, त्याचं दारूने काय होतं हे मुलांनाही माहीत असतं. त्या नळीचं मात्र कोणाला काही वाटत नाही. मी छडी तिथे ठेवायचे आणि नको इतका वेळ बोलत बसायचे. मागच्या बाकावरची मुलं घड्याळ बघायची. आता आमच्या नाशिकला बाहेरगावची माणसं द्राक्षांचे मळे बघायला आणि वाइनचे पेले हुंगायला येतात, आणि शाळेतल्या मैत्रिणी मला आग्रह करतात की चल ग, एक दिवस मजा. जात नाही मी. त्यांना उपदेशही करत नाही. मी कुठल्या तोंडाने करणार, आमच्या घरची बाटली पिठाच्या डब्यामागेच असायची.

माझ्या बारावीच्या वर्षी आखाजीला आईला माहेरी जायचं होतं. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, पण बागलाणात तो लेकींचा सण. झाडांना झोके बांधतात, सासुरवाशिणी घरी येतात, गाणी म्हणतात, खापरावर मांडे होतात. आई कितीतरी वर्षांत गेली नव्हती. त्या वर्षी मामाने निरोपावर निरोप पाठवले आणि अण्णाच म्हणाले, जा, शैला हाय ना. निघायच्या आदल्या दिवशी आईने मला समोर बसवून भाकरी कुस्करायला शिकवलं. हो, शिकवलं. अंगठ्याने कसं चोळायचं, गाठ राहिली तर बोटाला कशी लागते, दूध कोमट का हवं, किती वेळ झाकून ठेवायचं. मी म्हटलं, आई, लहान बाळाचं करतेस का. ती म्हणाली, सांगते तसं कर. मग तिने अण्णांना माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावला. म्हणाली, मी येईपर्यंत प्यायची नाही, पोरीची शपथ घ्या. अण्णांनी हात ठेवला. त्यांच्या हाताचं वजनच लागलं नाही, हे मला तेव्हा जाणवलं होतं.

दोन दिवस चांगले गेले. यार्डाला सुट्टी होती. अण्णा अंगणात बाजेवर पडून राहायचे, हात थरथरायचे, घाम यायचा, पण त्यांनी शपथ पाळली. मी कुस्करलेली भाकरी वाढायचे, ते मुकाट्याने चमच्याने खायचे. एकदा म्हणाले, तुझ्या आईपेक्षा बारीक केली की तू. मी फुशारले. तिसऱ्या दिवशी यार्ड उघडलं. दुपारी अण्णा आले, दारात चपला काढल्या, आणि ते आत यायच्या आधी वास आत आला. मला काय झालं ते मी आज इतक्या वर्षांनीही नीट सांगू शकत नाही. रडू नाही आलं. माझ्या डोक्यावरचा तो हात आठवला आणि अंगाचा भडका उडाला. भाकरी दुधात भिजत घातली होती ती मी तशीच उचलून दारात येणाऱ्या गाईच्या घमेल्यात ओतली. तव्यावर नवी भाकरी टाकली, बाजरीची, जाड. ती अख्खी त्यांच्या ताटात ठेवली, बाजूला ठेचा ठेवला, कांदा ठेवला आणि म्हटलं,

"अण्णा, खा आता माणसासारखं."

त्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ताट सरकवून दिलं असतं तर मी पुन्हा कुस्करलीही असती, निदान तसं मला वाटतं. पण शपथ मोडलेला माणूस ताट कसा सरकवणार. त्यांनी मांडी घातली, तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि खाल्ला. पाण्याचा घोट घेतला. दुसरा तुकडा. पुन्हा घोट. मी चुलीशी पाठ करून बसले होते आणि मनात म्हणत होते, बघ, खाता येतंय, सगळी नाटकं. तिसऱ्या घासानंतर घोटाचा आवाज आला नाही. मी वळून बघितलं. अण्णा ताटावर वाकले होते आणि प्यालेलं पाणी जसंच्या तसं तोंडातून परत खाली पडत होतं. खोकला नाही, श्वास चालू, डोळे उघडे. फक्त खाली काही जात नव्हतं. ते छातीवर मूठ आपटत होते आणि दुसऱ्या हाताने मला खुणेने सांगत होते की काही नाही, काही नाही.

मी अनवाणीच यार्डात पळाले. बाबूकाकांनी कोणाची तरी रिकामी पिकअप आणली आणि गावातल्या डॉक्टरांनी दारातच सांगितलं की इथे थांबू नका, सरळ नाशिकला न्या. स्टिअरिंगवर काका, मध्ये अण्णा आणि खिडकीशी मी. मे महिन्याचं ऊन, पाठीमागच्या हौद्यातून कांद्याची वाळली टरफलं उडून काचेवर चिकटत होती. अण्णांच्या मांडीवर एक डालड्याचा डबा होता. त्यांना स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती, दर मिनिटाला ते डब्यात थुंकत होते. निफाड गेलं, ओझर गेलं, तो डबा आणि तो आवाज. बाबूकाका एकसारखे बोलत होते, काय नाय होत, घास अडकला, निघून जाईल, लय जणांचा अडकतो. मला सांगावंसं वाटत होतं की घास अडकला नाही, मी अडकवला. एकदा डबा कलंडायला लागला तेव्हा मी तो धरला आणि मग तो शेवटपर्यंत धरून ठेवला.

नाशिकच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. कागदावर त्या एकेक प्रश्न विचारून लिहून घेत होत्या. घास कधीपासून अडकतो. वजन किती उतरलं. रक्ताची उलटी झाली का. मग तोच प्रश्न आला, दारू घेतात का. अण्णांनी मान हलवली, नाही. बाबूकाका म्हणाले, नाय हो बाई, सणासुदीला एखादा घोट. त्या लिहायला लागल्या. पेन कागदावर टेकलेलं मला दिसलं. आईचं ते ताठ मानेने बोलणं आठवलं, पडद्यापलीकडच्या बायका आठवल्या. इथे कोणी ओळखीचं नव्हतं.

"रोज घेतात," मी म्हटलं. "सकाळी कामाला जायच्या आधी एकदा, दुपारी, आणि संध्याकाळी. कोरी. मला कळायला लागल्यापासून."

बाबूकाकांनी खाली बघितलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलंच नाही, भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी आधीचं खोडून नवीन लिहिलं आणि म्हणाल्या, बरं झालं सांगितलंस. मला काही बरं झाल्यासारखं वाटलं नाही. भर बाजारात बापाचा सदरा काढल्यासारखं वाटलं.

दुर्बिणीने त्यांनी तो भाकरीचा गोळा काढला आणि आत जे दिसलं त्याचा तुकडा तपासायला पाठवला. कागद यायचा होता, पण बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं, कदाचित मी एकटीच ऐकून घेणारी आहे असं त्यांना वाटलं असेल. ही नळी आतून मऊ असते, म्हणाल्या, आपल्या गालाच्या आतल्या कातडीसारखी. कोरी दारू रोज तिच्यावरून गेली की ती भाजते. भाजल्या जागी नवी कातडी येते, तीही भाजते. शिवाय पोटातलं आम्ल वर येतं, ते वेगळं. तंबाखूची त्यात भर. सोड्याने आग थांबल्यासारखी वाटते, भाजणं थांबत नाही. वर्षानुवर्षं असं झालं की येणारी कातडीच बिघडलेली येते, तिची गाठ होते आणि वाट बंद होत जाते. आवाजाची नस तिथूनच जवळून जाते, म्हणून आवाज बसला. त्या हे सगळं हळू बोलत होत्या आणि मी फक्त एकच विचारलं, भाकरीने झालं का. त्या म्हणाल्या, भाकरीने कळलं. आणखी चार-सहा महिने आधी कळायला हवं होतं. पातळ खाऊन चालढकल झाली.

हे शेवटचं वाक्य मी कोणालाच सांगितलं नाही.

नामपूरला मामाच्या शेजारी फोन होता. बाबूकाकांनी एसटीडी बूथवरून निरोप दिला आणि आई दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने आली, सटाण्याला गाडी बदलून. हातात बांगड्यांचा नवा चुडा होता आणि पिशवीत आमच्यासाठी आणलेले मांडे. ती पलंगाशी आली, अण्णांच्या नाकातली नळी बघितली आणि माझ्याकडे वळून विचारलं, कशाने अडकलं, मी सांगितलं होतं तसं केलं नव्हतं का. तेवढ्यात अण्णांनी हात वर केला. त्यांचा आवाज म्हणजे आता नुसती हवा राहिली होती. आई खाली वाकली.

"तिला नको बोलू," ते म्हणाले. "मीच मागितली. लय दिवस झाले होते, अख्खी भाकरी खावी वाटली."

आईने माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे, आणि पदराने त्यांच्या हनुवटीवरचं पुसलं. मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून रडले. आदल्याच दिवशी मी त्यांची इतक्या वर्षांची झाकलेली मूठ उघडली होती. त्यावर त्यांनी माझी झाकली.

त्यानंतर अण्णा दीड वर्ष जगले. कागद आला, कॅन्सरच होता, ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. मशीनचा शेक दिला, त्याने वाट थोडी मोकळी झाली. पुन्हा बंद झाली तेव्हा पोटातून जेवणाची नळी बसवली. दारूला त्यांनी परत हात लावला नाही, आणि सुटली म्हणून कौतुक करण्याची वेळ निघून गेली होती हे त्यांनाही ठाऊक होतं. सकाळी लिलाव सुरू झाला की अंगणात बाजेवर बसून ऐकायचे. त्यांच्या जागी आलेल्या माणसाचा आवाज आमच्या घरापर्यंत नीट यायचा नाही. ते मान वाकडी करून ऐकायचे आणि बोटाने मला दाखवायचे, आता दुसऱ्या रांगेत गेला, आता थांबला. आई नळीतून घालायला पातळ पेज गाळून घ्यायची, दोनदा, फडक्यातून. भाकरीचा विषय घरात निघाला नाही. आम्ही दोघी त्यांच्यासमोर भाकरी खात नसू. आई परातीत भाकरी थापायची तेव्हा हात हलका ठेवायची, आवाज होऊ नये म्हणून, पण त्यांना कळायचंच. शेवटच्या दिवाळीच्या आसपास एकदा त्यांनी खुणेने पापुद्रा मागितला, हातात धरला, हुंगला आणि मला परत दिला. थोड्याच दिवसांनी ते गेले. मी त्यांना कधी विचारलं नाही की दवाखान्यात मी बोलले त्याचा राग आला होता का. त्यांनी कधी विषय काढला नाही. मी डी.एड.ला नाशिकला गेले, नोकरी लागली, लग्न झालं, आईला इकडे आणलं, आणि ती अख्खी भाकरी माझ्या छातीत तशीच राहिली.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. दात गेले, कवळी तिला चालत नाही. मागच्या आखाजीला मी तिच्यासाठी भाकरी दुधात कुस्करत बसले होते, अंगठ्याने चोळून, तिनेच शिकवलं होतं तशी. ती समोर बसून माझे हात बघत होती. मला एकदम राहवेना. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि शाळेतली पोर कबुली देते तसं सगळं सांगून टाकलं. वास आला ते, दुधातली भाकरी घमेल्यात ओतली ते, माणसासारखं खा म्हटलं ते. म्हटलं, आई, त्यांनी मागितली नव्हती. ते खोटं बोलले होते, माझ्यासाठी.

"माले ठाऊक शे," आई म्हणाली.

मी हात थांबवला.

"त्या सहा महिन्यांत तुझ्या बापानं तोंडानं काही मागितलं होतं का? ताटात पडेल ते गिळायचा. मागितली म्हणला, तवाच मला कळलं."

मग तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली बसल्या बसल्या. खिडकीबाहेर भाजीवाला ओरडत गेला, त्याच्या गाडीला भोंगा लावलेला, आवाज आधीच भरून ठेवलेला. तो लांब गेल्यावर आई पुन्हा बोलली, माझ्याकडे न बघता.

"तू एक दिवस अख्खी वाढली. मी सहा महिने कुस्करून वाढली. तुला डॉक्टरनं इचारलं, तू सांगून टाकलं. मला त्याच्या आधी इचारलं होतं."

तिचा हात धरावा म्हटलं तर माझी बोटं दुधाने आणि भाकरीने बरबटलेली होती. तिने स्वतःच ताटली आपल्याकडे ओढली, बोटाने चाचपून बघितलं आणि म्हणाली, इतकी बारीक नको करत जाऊ, गाठ राहिली तर राहू दे, मला समजू दे काय गिळतेय ते.